वणी ते नांदूर मध्यमेश्वर : पक्षिदर्शनाच्या सहलीची एक योजना
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वणी येथे केलेले भाषण)



दरवर्षी या संमेलनात कोणीतरी निवृत्त शिक्षक चार शब्द बोलतो, आणि ते चार शब्द बहुधा शिक्षणाचे महत्त्व, हुंडाबंदी किंवा व्यसनमुक्ती यांपैकी एका विषयावर असतात. हे विषय जुने झाले असले तरी त्यांची गरज संपलेली नाही, हे आम्ही जाणतो. तथापि यंदा कार्यकारी मंडळाने आमच्याकडे सोपविलेला विषय निराळा आहे. स्वतःच्या वाहनाने प्रवास करून, तंबूत मुक्काम ठोकून पक्षी पाहावयास जाणे, हा तो विषय होय. ऐकून काही वडील मंडळींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले आहे. ते स्वाभाविक आहे. पण भाषण संपेपर्यंत त्या स्मिताचे रूपांतर विचारात व्हावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

विषय निघाला तो असा. पुण्यास व परदेशी नोकरीस असलेल्या आपल्या ज्ञातीतील काही तरुणांनी दक्षिण आफ्रिकेच्या बाजूस सहकुटुंब जाण्याचा बेत केला आहे. तेथे मोटार भाड्याने घ्यावयाची, ती स्वतः हाकावयाची, मोटारीच्या टपावर तंबू उभारून रात्र काढावयाची आणि दिवसा वनातील पशुपक्षी पाहावयाचे. या बेताची वार्ता गावात आली तेव्हा दोन तट पडले. एक म्हणतो, हा श्रीमंतांचा पोरखेळ आहे. दुसरा म्हणतो, आमच्या मुलांनी असे कधी पाहावे? या दुसऱ्या प्रश्नातूनच मंडळापुढे एक सूचना आली : मंडळाच्या निधीतून काही रक्कम काढून आपल्या शाळकरी मुलामुलींना अशाच पद्धतीने, पण आपल्याच जिल्ह्यात, नांदूर मध्यमेश्वर येथे न्यावे. आजच्या सर्वसाधारण सभेत त्या सूचनेचा निर्णय व्हावयाचा आहे. ती सभेने मान्य करावी असे आमचे मत आहे, आणि त्याची कारणे सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

प्रथम परदेशच्या बेताबद्दल दोन शब्द. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला दक्षिण आफ्रिका ठाऊक होती ती महात्मा गांधींमुळे. १८९३ ते १९१४ या काळात गांधीजींचे कार्य तेथे झाले, आणि १९१२ मध्ये आपले नामदार गोखले तेथील हिंदी बांधवांची स्थिती पाहावयास गेले होते. त्या काळी ज्या भूमीत आपल्या माणसाला पदपथावरून चालण्याचीही मोकळीक नव्हती, तेथे आज आपली मुले स्वतः मोटार हाकीत हिंडणार, ही गोष्ट अभिमानास्पदच म्हटली पाहिजे. म्हणून आम्ही या बेताची थट्टा करीत नाही. मात्र तो बेत म्हणजे केवळ पैशाचे काम आहे, असे समजणाऱ्यांनी त्याचा तपशील ऐकावा.

तेथील क्रूगर राष्ट्रीय उद्यान सुमारे १९,५०० चौरस किलोमीटरांचे आहे. आपला सबंध नाशिक जिल्हा साडेपंधरा हजारांच्या आसपास भरतो, म्हणजे जिल्ह्याहून मोठे असे ते वन आहे. १९२६ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि पुढल्याच वर्षी मोटारींना प्रवेश मिळाला. तेथे डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर आणि मातीच्या रस्त्यावर ४० किलोमीटर ही वेगाची मर्यादा असते. नेमून दिलेल्या जागांखेरीज कोठेही गाडीबाहेर पाय ठेवता येत नाही. सूर्यास्ताच्या सुमारास मुक्कामाच्या तळाची दारे बंद होतात, आणि उशीर करणाऱ्यास दंड होतो. तळावरील जागा कित्येक महिने आधी राखून ठेवावी लागते. काही भागांत हिवतापाची भीती असल्यामुळे वैद्याचा सल्ला निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो. शेजारच्या नामिबिया देशात एटोशा नावाचे उद्यान आहे. तेथे मिठाचे अफाट पांढरे मैदान आहे आणि तळाशेजारील पाणवठ्यांवर रात्री दिवे लावलेले असतात, त्या उजेडात हत्ती, गेंडे पाण्यावर येतात. बोट्स्वानात ओकावांगो नावाची नदी समुद्रास न मिळता वाळवंटातच पसरून लुप्त होते आणि तेथे हजारो पक्ष्यांचे माहेर तयार होते. त्या बाजूच्या वाळूच्या वाटांवर साधी मोटार चालत नाही, चारही चाकांना जोर पोहोचेल असे वाहन लागते. आणि कित्येक तळांना कुंपणही नसते. या सर्व देशांत वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, ही आपल्या लोकांस सोयीची गोष्ट. पण एका देशातून दुसऱ्या देशात भाड्याची मोटार न्यावयाची तर मालकाचे संमतिपत्र जवळ लागते, आणि दोन गावांमधील अंतर एवढे, की पेट्रोल व पाणी यांचा हिशेब चुकल्यास मध्ये विचारपूस करावयास घर भेटत नाही.

ऋतूचाही विचार आहेच. ते देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. श्वापदे पाहावयाची असल्यास मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ चांगला, कारण पाणी थोडे राहते आणि सर्व प्राणी त्याच पाण्यावर येतात. पक्षी पाहावयाचे असल्यास नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम, कारण उत्तर गोलार्धातील थंडीला कंटाळलेले पाहुणे तेव्हा तेथे उतरलेले असतात.

बंधुभगिनींनो, हा सर्व तपशील आम्ही मुद्दाम सांगितला. वेळेची शिस्त, वेगाची मर्यादा, पाण्याचा हिशेब, गाडीतून न उतरण्याचा संयम आणि ऋतूचे ज्ञान, या पाच गोष्टींवर तो सारा प्रवास उभा आहे. या पाचही गोष्टी विकत मिळत नाहीत. त्या लहानपणी अंगी बाणवाव्या लागतात. आणि त्या बाणविण्याची शाळा आपल्या घरापासून दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे.

ती शाळा म्हणजे नांदूर मध्यमेश्वर. तिचा आणि वणीचा संबंध पाण्याचा आहे. सप्तशृंगीच्या डोंगराच्या दक्षिणेकडील या आपल्या मुलखात उनंदा नदी वाहते, तिच्यावर ओझरखेडचे धरण आहे. उनंदा ही कादवेची उपनदी. कादवा करंजवण व पालखेड या धरणांतून वाट काढीत निफाड तालुक्यात शिरते आणि नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरीस मिळते. त्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज अमदानीत दगडी बंधारा बांधण्यात आला. हेतू एकच होता : कालवे काढून कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर या बाजूची शेती भिजवावी. पक्ष्यांचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. पण नद्यांनी गाळ आणला, गाळाची बेटे झाली, बेटांवर लव्हाळे माजले, उथळ पाण्यात शिंपले, किडे, मासळी वाढली, आणि पाखरांनी ते स्थान शोधून काढले. १९८६ मध्ये शासनाने तेथे अभयारण्य घोषित केले. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी इराणातील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी राष्ट्राराष्ट्रांत करार झाला होता. त्या कराराच्या यादीत २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वरच्या १,४३७ हेक्टर क्षेत्राचा समावेश जाहीर झाला. महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ. लोणारचे सरोवर आणि ठाण्याची खाडी यांचा क्रम त्याच्यानंतरचा आहे. ज्याला लोक ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात, ते स्थळ आपल्याच शिवारातून वाहून गेलेल्या पाण्याने भरते, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

आता कोणी विचारील, दक्षिण आफ्रिका कोठे आणि निफाड तालुका कोठे? दोहोंचा मेळ कसा? तो मेळ पाखरांनीच घातला आहे. मृगाच्या सुमारास आपल्याकडे चातक येतो. आपले कवी शतकानुशतके त्याला पावसाची वाट पाहावयास लावीत आले. तो चातक नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतो, आपल्या बाभळीच्या रानात सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, आणि पावसाळा सरला की परत निघून जातो. दुसरा पाहुणा अमूर ससाणा. हा दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा लहानसा शिकारी पक्षी सैबेरिया व उत्तर चीनकडून निघतो, नागालँडात विसावतो, भारताचा मध्यभाग ओलांडतो, आणि अरबी समुद्रावरून न थांबता उडत थेट आफ्रिकेस पोहोचतो. त्याचा हिवाळा दक्षिण आफ्रिकेत जातो. म्हणजे आपली तरुण मंडळी विमानाने ज्या वाटेने जाणार, त्या वाटेने हे पाखरू दरवर्षी पारपत्राशिवाय जाते. तिकडील मोटारीच्या काचेतून ते पाहण्याआधी आपल्या डोक्यावरून जाताना त्याला ओळखता यावे, ही अपेक्षा गैर नव्हे. तीच गोष्ट चास पक्ष्याची. दसऱ्याच्या दिवशी चासाचे दर्शन शुभ मानणारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्या चासाचे चुलतभाऊ क्रूगरच्या रस्त्यालगत तारांवर व फांद्यांवर बसलेले आढळतात. घरचा चास ज्याने नीट पाहिला नाही, त्याला परदेशचा चास केवळ एक रंगीत पाखरू वाटेल.

आता प्रत्यक्ष योजनेकडे वळू. काळ ठरविताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने घ्यावेत. तिबेट व मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस, चक्रवाक, तलवार बदके, थापट्या, भुवई बदके, करकोचे हे सर्व पाहुणे त्या वेळी तेथे असतात. शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी होते, म्हणून नाताळच्या सुटीतील मधले दोन-तीन दिवस निवडावेत. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. द्राक्षबागाईतदारांच्या पोटात तिने गोळा येतो, हे येथे बसलेल्या अनेकांना सांगावयास नको. म्हणून प्रत्येक मुलाजवळ घोंगडी किंवा जाड रजई, कानटोपी व लोकरी बंडी असलीच पाहिजे.

वाट सरळ आहे. वणीहून पिंपळगाव बसवंत, तेथे मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून निफाड, आणि निफाडहून चापडगाव अथवा खानगाव थडी. चापडगावच्या बाजूस वनखात्याचे निरीक्षण मनोरे आहेत, आणि गावातील तरुण वाटाड्याचे काम करतात. ही मुले शेतकऱ्यांची आहेत. दुर्बिणीतून पक्षी दाखवून त्याचे नाव, गाव, खाणे सांगताना त्यांची जी सफाई दिसते, ती पाहून शिक्षक म्हणून आम्हाला समाधान वाटते. त्यांची मजुरी घासाघीस न करता द्यावी, ही आमची पहिली सूचना.

आमचा हिशेब असा : वीस विद्यार्थी, त्यांत दहा मुले व दहा मुली, देखरेखीस चार मोठी माणसे, त्यांपैकी दोन माता, चार जीपगाड्या व सामानासाठी एक पिकअप, म्हणजे पाच चालक. एकूण एकोणतीस माणसे. जाणे-येणे व तेथील हिंडणे धरून प्रत्येक वाहनाचा प्रवास दीडशे किलोमीटरांपर्यंत होईल. लिटरला बारा किलोमीटर धरले तर पाचही वाहनांस मिळून साठ-पासष्ट लिटर इंधन पुरे. वाहने आपल्याच बागाईतदार बांधवांची असल्यामुळे भाड्याचा प्रश्न नाही. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज पाच लिटर पाणी धरून दोन दिवसांचे तीनशे लिटर पाणी बरोबर न्यावे. सभोवार पाणीच पाणी असेल, पण ते पिण्याचे नव्हे, हे मुलांना तेथे नेऊन दाखविण्यातही एक धडा आहे. शिधा म्हणून बाजरीचे व ज्वारीचे पीठ, तूरडाळ, बेसन, कांदे, बटाटे, गूळ, शेंगदाणे आणि लसणाचा ठेचा. पिठले-भाकरी मुलांनी स्वतः करावी, आणि त्यात मुलगे मागे राहू नयेत.

मुक्कामाची जागा वनखात्यास आगाऊ लिहून ठरवावी. खाते नेमून देईल तेथेच तंबू ठोकावेत; अन्यथा जवळच्या गावी एखाद्या शेतकऱ्याच्या मळ्यात, त्याची संमती घेऊन उतरावे. पाण्याच्या कडेस, लव्हाळ्यात किंवा झाडाखाली पाखरे रात्रनिवारा घेतात अशा ठिकाणी तंबू असू नये. जाळ मर्यादित असावा. ध्वनिवर्धक, फटाके व मोठमोठ्याने हाका मारणे संपूर्ण वर्ज्य. वाहन फक्त दिवसाउजेडी चालवावे, आणि चालकाच्या हाती भ्रमणध्वनी दिसल्यास वाहन तेथेच थांबवावे. निघताना तळाची जागा आलो तेव्हा होती त्याहून स्वच्छ असावी.

दुर्बिणी चार पुरेत, पाच मुलांमागे एक. विकत घेताना आठ गुणिले चाळीस अशा मापाची घ्यावी. यातील आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, आणि चाळीस म्हणजे पुढील भिंगाचा व्यास चाळीस मिलिमीटर. याहून मोठी दुर्बीण घेतली की ती जड होते, हात कापतो आणि उडते पाखरू सापडत नाही. प्रत्येक मुलाजवळ एक साधी वही असावी. तीत तारीख, वेळ, जागा, पक्ष्याचे नाव, संख्या आणि तो काय करीत होता, एवढे लिहावे. नाव न कळल्यास आकार, चोच, पाय व रंग लिहावेत. डॉ. सालिम अली यांचे इंग्रजी पक्षिपुस्तक १९४१ मध्ये निघाले, आणि मराठीत वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी पक्षिकोश सिद्ध केला. हे दोन ग्रंथ मंडळाच्या वाचनालयात असावेत. पाखराचे मराठी नाव कळले की ते पाखरू आपले होते. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पाणपक्षी तेथे थव्यांनी पोहताना दिसतो. लोकांनी त्याला ‘वारकरी’ म्हटले आहे. हे नाव ऐकलेले मूल तो पक्षी जन्मभर विसरणार नाही.

दिनक्रम थोडक्यात असा. पहिल्या दिवशी दुपारी निघून ऊन उतरण्यापूर्वी तंबू उभारावेत. दुसऱ्या दिवशी पहाटे, फटफटण्याआधी, मनोऱ्याकडे चालू लागावे. सूर्योदयानंतरचे दोन तास पक्ष्यांचे खरे दर्शन घडविणारे असतात. दुपारी विश्रांती, वह्यांची तपासणी आणि बंधाऱ्याची भेट. संध्याकाळी थवे परतताना पाहावेत. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक फेरी, आणि दुपारच्या जेवणास वणी.

यावर तीन आक्षेप आमच्या कानी आले आहेत. त्यांचा परामर्श घेणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप खर्चाचा. मंडळाचा निधी शिष्यवृत्तीसाठी आहे, सहलीसाठी नव्हे, असे काही सभासद म्हणतात. त्यांच्या तळमळीबद्दल आम्हाला आदर आहे. म्हणून शिष्यवृत्तीच्या रकमेस हात न लावता, या संमेलनातील भोजनाचे एक पक्वान्न कमी करून ही तरतूद करावी, असे आम्ही सुचवितो. एका वेळच्या जिलेबीची चव संध्याकाळपर्यंत टिकते. वीस मुलांनी पाहिलेला हंसांचा थवा पुष्कळ वर्षे टिकेल.

दुसरा आक्षेप मुलींचा. तंबूत, परगावी, रात्रीच्या मुक्कामास मुली कशा पाठवाव्यात? हा प्रश्न विचारणाऱ्या मातापित्यांची काळजी खरी आहे, आणि म्हणूनच दोन माता बरोबर असाव्यात, मुलींचे तंबू मध्यभागी व मातांचे दोन्ही बाजूंस असावेत, अशी व्यवस्था आम्ही मांडली आहे. परंतु आदिशक्तीच्या पायथ्याशी राहणाऱ्या समाजाने मुलींना घरी ठेवून केवळ मुलांना न्यावे, हे आम्हास शोभणारे नाही. आम्ही सातवीस शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, की ओझरखेडच्या पाण्यावरील बदके उन्हाळ्यात कोठे जातात? आम्ही तिला एक वही दिली, आणि बदके कोणत्या दिवशी आली व कोणत्या दिवशी दिसेनाशी झाली ते लिहून ठेव, असे सांगितले. तिने तीन हिवाळे ते लिहिले. तिच्या वर्गात तिच्याहून हुशार म्हणविणारी पुष्कळ मुले होती, पण तो प्रश्न त्यांच्यापैकी कोणास सुचला नव्हता. असा प्रश्न विचारणारी मुलगी सहलीच्या दिवशी घरी का बसावी? आणि ज्यांना रूढीचा आधार हवा त्यांनी नांदूरच्या कमळपक्ष्याकडे पाहावे. कमळाच्या पानांवरून चालणाऱ्या त्या जातीत अंडी उबविण्याचे व पिले सांभाळण्याचे काम नर करतो, आणि त्यामुळे त्याची प्रतिष्ठा कमी झाल्याचे कोणी ऐकलेले नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. पक्षी पाहून पोट भरते काय? याचे उत्तर शेतकऱ्यानेच द्यावयास हवे. दलदलीवरून घिरट्या घालणारा भोवत्या उंदीर टिपतो, बगळे व सातभाई किडे वेचतात. गिधाडांचे उदाहरण तर ताजे आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे, मेलेली गुरे खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, आणि काही वर्षांत देशातील शेकडा नव्वदांहून अधिक गिधाडे नाहीशी झाली. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आपल्या लहानपणी गावकुसाबाहेर मेलेले जनावर दोन दिवसांत स्वच्छ होत असे. आता ते कुजत पडते आणि कुत्री माजतात. पाखरू गेले की त्याचे काम आपल्या माथी येते, एवढे तरी आम्ही शिकलो पाहिजे.

नांदूर मध्यमेश्वरचेही सर्व कुशल आहे, असे नाही. वरच्या गावांचे व शहरांचे सांडपाणी नदीत जाते, त्यावर जलपर्णी पोसते आणि पाण्याची पाठ झाकून टाकते. शेतातील खतांचा व औषधांचा अंश त्याच पाण्यात उतरतो. वरील धरणांतून खाली मराठवाड्याकडे सोडले जाणारे पाणी याच वाटेने जाते, म्हणून पाण्याची पातळी चढते-उतरते आणि काठावरील शेतकरी व पाखरे दोघेही चिंतेत असतात. यातील एक भाग शासनाचा आहे, पण एक भाग निश्चितपणे आपला आहे, कारण कादवेचे पाणी आपल्या बांधावरून जाते. बागेत फवारणी झाल्यावर औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओढ्यात फेकणारा हात आणि नांदूरला मेलेला मासा, यांच्यातील अंतर धरणांनी मोडलेले असले तरी पाणी एकच आहे. संक्रांतीच्या पतंगांचीही हीच कथा. येवल्यासारख्या ठिकाणी हा उत्सव थाटाने होतो, आपल्याकडेही पोरे पतंग उडवितात. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, तरी तो चोरून विकला जातो, आणि त्याने माणसांचे गळे व पाखरांचे पंख सारखेच कापले जातात. ज्या मुलाने करकोच्याला संथपणे पंख हलवीत उतरताना जवळून पाहिले आहे, त्याच्या हातून तो मांजा आपोआप सुटेल, असा आमचा छत्तीस वर्षांचा अध्यापनाचा अनुभव सांगतो. उपदेशाने जे होत नाही, ते कित्येकदा दर्शनाने होते.

शेवटी एकच दृष्टांत देतो. अमूर ससाण्याचा उल्लेख आम्ही केला. नागालँडात दोयांग नदीच्या धरणाकाठी पांगती नावाचे गाव आहे. तेथे हे ससाणे लाखोंच्या संख्येने उतरतात. २०१२ पर्यंत तेथील लोक जाळी लावून त्यांची हजारोंनी शिकार करीत आणि विकीत. तो त्यांच्या मिळकतीचा भाग होता. ती गोष्ट जगापुढे आल्यावर गावच्या पंचांनी, धर्मगुरूंनी व वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून निर्णय घेतला, आणि २०१३ च्या हंगामात जाळी लागली नाहीत. ज्या गावाची अपकीर्ती झाली होती, तेच गाव आज ससाण्यांचे आश्रयस्थान म्हणून ओळखले जाते. कायदा आधीपासूनच होता. पण कायद्याने जे झाले नाही ते समाजाने ठरविल्यावर एका वर्षात झाले. ज्ञातिसंस्था म्हणजे केवळ वधूवर-मेळावा आणि गुणगौरव नव्हे. एखादी गोष्ट ‘आमच्यात करीत नाहीत’ किंवा ‘आमच्यात करतात’ असे म्हणण्याची शक्ती समाजाजवळ असते. त्या शक्तीचा वापर आजवर आम्ही सोयरिकी जुळविण्यास व मोडण्यास पुष्कळ केला. आता तो नदी, पाखरे व मुलांची दृष्टी राखण्यासही व्हावा.

म्हणून आम्ही सभेपुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, येत्या हिवाळ्यात वीस मुलामुलींची पहिली सहल नांदूर मध्यमेश्वर येथे न्यावी, आणि निवड गुणांवर न करता, ज्या घरातील मुलांना अन्यथा जाता येणार नाही त्यांना प्रथम घ्यावे. दोन, सहलीतील वह्या मंडळाच्या वाचनालयात जपून ठेवाव्यात, म्हणजे दहा वर्षांनी कोणते पाखरू वाढले आणि कोणते आटले हे आपल्याला आपल्याच मुलांच्या अक्षरात वाचता येईल. तीन, परदेशी निघालेल्या आमच्या तरुण बांधवांनी आधी या सहलीस चालक म्हणून यावे. पाचही चालक त्यांच्यातूनच मिळाले तर उत्तम. ओकावांगोच्या काठी तंबू ठोकण्यापूर्वी कादवेच्या काठी तो ठोकून पाहावा, आणि परत आल्यावर पुढल्या संमेलनात आमच्या जागी उभे राहून तेथील हकिकत मुलांना सांगावी.

 प्रस्ताव आता अध्यक्षमहाराजांच्या हाती देतो. ज्यांना तो मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. आणि ज्यांची वाहने देण्याची तयारी असेल त्यांनी सभा संपल्यावर कार्यवाहांकडे आपली नावे नोंदवावीत.